परभणीत शेवंती वेळेवरच येते

परभणीच्या अंगणातल्या शेवंतीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच आरोप होत आलाय : ही फार उशीर करते. जूनमध्ये लावावी, तर महालक्ष्म्या कोरड्या जातात, दसऱ्याला झेंडू भाव खाऊन जातो, दिवाळीच्या फराळाचे डबे घासून फळीवर चढतात आणि मग कुठे बाईसाहेब कळ्या दाखवतात. खरं तर या जिल्ह्यात उशिराचं कुणाला वावडं नाही. एसटी, मान्सून आणि लग्नाचा मुहूर्त या तिघांनाही आपण मोठ्या मनाने सांभाळून घेतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मिरवणाऱ्या गावाला घाई शोभतही नाही. शेवंतीचा मात्र सप्टेंबरातच निकाल लागतो : ‘नुसता पाला माजलाय, उपटून टाका.’ माझं म्हणणं असं की, अख्ख्या अंगणात वेळ पाळणारी ती एकटीच आहे. चुकतो तो आपला हिशेब.

शेवंती महिने मोजत नाही, रात्र मोजते. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिलं, की काही झाडं दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. त्यांचा पहिला आरोपीही असाच होता : उन्हाळाभर ताडमाड वाढून फुलायचं नाव न घेणारा तंबाखूचा एक वाण. झाड दिवसापेक्षा सलग अंधार मोजतं, हे पुढे कळलं. आता परभणीचा हिशेब घ्या. जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला सर्वांत लहान अकराचा. वर्षभरात फरक काय तो सव्वादोन तासांचा. एवढा वेळ आपला चहाच्या टपरीवर एका बैठकीत जातो आणि पत्ताही लागत नाही. शेवंतीचं पान मात्र त्यातली मिनिटं टिपत बसतं. त्याला खताची लाच चालत नाही. जादा युरिया दिला तर पालाच आणखी माजतो.

यातून निघणारी गोष्ट जरा अवघड आहे. फाटकासमोरच्या खांबावरचा झगझगीत एलईडी रात्रभर शेवंतीवर पडत असेल, तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते आणि कळ्या रखडतात. याचाच फायदा घेऊन काही शेतकरी शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात आणि भाव चांगला असेल त्या सुमाराला फूल आणतात. म्हणजे ऑक्टोबरात खांबावरचा दिवा बंद पडला, तर तक्रार करण्यापूर्वी शेवंतीचं मत विचारायला हवं. भारनियमनाने भलं होणारी बहुधा हीच एक रहिवासी. हे पटत नसेल तर कुंडी घराच्या मागच्या, अंधाऱ्या बाजूला न्यावी. ऊन मात्र तिथे यायला हवं.

यावर पहिला आक्षेप मातीचा, आणि तो खरा आहे. आपली जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत खोल मूळ सोडणारी करडई मजेत राहते. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिला तो उगाच नाही. शेवंतीची मुळं उथळ. श्रावणात दोन दिवस बुडाशी पाणी साचलं, की मूळकूज होऊन झाड बसलंच. पण हा आक्षेप वाफ्यावर आहे, शेवंतीवर नाही. वाफा उंच करावा, नाहीतर कुंडीत माती, शेणखत आणि थोडी वाळू कालवावी. दुसरा आक्षेप मे महिन्याचा : माणसाला पाणी नाही, शेवंतीला कुठून? फुलं सरल्यावर झाड बुडापासून छाटलं, की खालून काश्या फुटतात. तो ठोंब लिंबाच्या सावलीत ठेवला, तर तांदूळ धुतलेल्या पाण्यावरही उन्हाळा काढतो. ठोंब जगला की जूनला काश्या सुट्या करून लावायच्या.

खरी कसोटी त्यानंतर, शेंडा खुडताना. महिनाभराने रोप जरा उभं राहतं, कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दाटीने बसलेला असतो, त्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्यांची रांग लागलेली असते. आणि पुस्तक सांगतं, तोच शेंडा चिमटीत धरून मोडा. आधीच उशीर करणाऱ्या झाडाचा शेंडा मोडायला मन धजत नाही. पण तो मोडला की खालच्या एकेका पानाच्या बगलेतून फांदी निघते आणि एका काडीचं झुडूप होतं. ऑगस्ट संपला की मात्र हात आवरावा, नाहीतर मोडताय त्या कळ्याच.

मग कुणी व्यवहारी माणूस म्हणतो, नर्सरीतून फुललेली कुंडीच आणावी. आणावी की! पण अवेळी फुललेल्या त्या झाडाला बहुधा संध्याकाळपासून काळं कापड पांघरून खोटी रात्र दाखवलेली असते, आणि वाढ रोखणारं औषध देऊन बुटकं ठेवलेलं असतं. घरी आल्यावर ना कापड, ना औषध. पुढल्या वर्षी ते कमरेएवढं वाढतं, डिसेंबरात फुलतं आणि लोक म्हणतात, ‘बिघडलं.’

लवकर आणि बारमाही फुलणंच हवं असेल, तर शेवंतीच्याच गोतावळ्यात एक सोय आहे : गाजरगवत. करडई, सूर्यफूल, झेंडू या चुलत बहिणींचाच हा भाऊ. खत नको, खुडणं नको, पाणी मिळालं की बारा महिने फुलं. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज परभणीत एकही मोकळा प्लॉट त्याने सोडलेला नाही. त्याच्या तत्परतेचं कौतुक करणारा माणूस मला दाखवा.

शेवटचा आक्षेप फुलं चोरणाऱ्या काकूंचा. पहाटे हातात पिशवी आणि आकडी घेऊन निघणाऱ्या या मंडळींपुढे जास्वंद, कण्हेर, चाफा कुणाचंच चालत नाही. शेवंतीकडे मात्र पाच-सहा महिने त्यांचं लक्षच जात नाही, कारण तिथे काही असत नाही. संकट मार्गशीर्षातल्या गुरुवारी येतं. त्यावर उपाय जूनमध्येच करायचा. एका ठोंबाच्या सात-आठ काश्या सहज निघतात. त्यातल्या चार त्याच काकूंना सन्मानाने द्याव्यात, उंच वाफ्याचं आणि शेंडा खुडण्याचं सांगावं, आणि खांबावरच्या दिव्याबद्दल अवाक्षरही काढू नये.