भांडुप ते भांडुप, सूर्याच्या भरवशावर

भांडुप पश्चिमेहून भांडुप पूर्वेला पायी जायचं तर स्टेशनचा पूल चढायचा आणि उतरायचा, संपलं. गाडीने जायचं तर आधी मुलुंडच्या दिशेला तोंड करायचं, एलबीएस रोडला शरण जायचं, नाहूरचा पूल गाठायचा, रूळ ओलांडायचे आणि पलीकडून पुन्हा मागे यायचं. हा परदेशप्रवास आम्ही मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता केला. वेळ भाऊजींनी निवडली होती. त्यांना ऊन हवं होतं.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी जुनी इको घेतली. मागची सीट दुमडून फळी टाकली, फळीवर गादी, गादीखाली बॅटरी आणि कोपऱ्यात बारा व्होल्टचा छोटा फ्रिज. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते आपल्यालाच डोळ्यांसमोर ठेवून, अशी त्यांची खात्री आहे. आता मालवणपर्यंत हॉटेल नको, लॉज नको. फक्त फ्रिज चालला पाहिजे, कारण बांगडा वाट बघत नाही.

फ्रिजसाठी सोलर पॅनेल. पहिला विचार अर्थातच अनुदानाचा झाला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, पण छप्पर घराचं लागतं. आमच्या इमारतीची गच्ची सोसायटीची आणि सोसायटी सेक्रेटरींची. भाऊजींच्या नावावर असलेलं एकमेव स्वतंत्र छप्पर एमएच ०३ नंबरचं होतं, आणि त्याला कोणी अनुदान देईना.

मग लॅमिंग्टन रोड. तिथल्या दुकानदाराने दोन पॅनेल काढून दाखवली. दोन्ही शंभर वॉटची. एक निळसर, जुन्या पॉलिक्रिस्टलाइन पद्धतीचं, कार्यक्षमता १६ टक्के, किंमत तीन हजार. दुसरं काळं, मोनो, २१ टक्के, चार हजार. भाऊजींनी दोन्ही एकेक घेतलं. भांडुपला आणून शेजारी शेजारी कॅरियरवर बांधलं, प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर जोडला आणि जाहीर केलं की निकाल पूर्वेच्या मोकळ्या आभाळाखाली लागेल. आमच्या गल्लीत नव्या टॉवरांच्या फटीतून ऊन येतं ते जेमतेम दीड-दोन तास, आणि तेही पाहुण्यासारखं, चहा न घेता निघून जाणारं.

निघताना इमारतीतल्या जाणकारांनी निकाल आधीच लावून टाकला होता. २१ टक्केवालं जास्त वीज देणार, यात कोणाचंच दुमत नव्हतं. जास्त टक्के म्हणजे जास्त मार्क.

एलबीएसवर पोचलो आणि दोन्ही कंट्रोलर जवळजवळ शून्यावर आले. वर मेट्रो ४ चा पूल! वडाळ्याहून कासारवडवलीला जाणारी ही मार्गिका आमच्या डोक्यावरून जाते. भारतातल्या सर्वांत कडक उन्हाच्या महिन्यात, भर दुपारी, आम्ही सावलीच्या लांबलचक पट्ट्याखाली बंपरला बंपर लावून उभे. पुढे बेस्टची बस, मागे टँकर, खिडकीतून उकाडा, छपरावर अंधार. भाऊजी आकड्याकडे बघत होते. "सहा वॉट," ते म्हणाले. मग, "पाच."

नाहूरच्या पुलावर आभाळ उघडलं. आकडे चढले आणि दोघांचेही ऐंशीच्या आसपास थांबले. निळं एक्क्याऐंशी, काळं त्र्याऐंशी.

"शंभर कुठे गेले?" भाऊजी ओरडले.

शंभर हा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे पॅनेलवर चौरस मीटरला हजार वॉटचा प्रकाश टाकतात आणि पट्टी २५ अंशांवर ठेवतात. भांडुपच्या मे महिन्यात काळी काच सहज ६५ अंशांवर जाते. निळ्याची वीज दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते, काळ्याची ०.३५. म्हणजे चाळीस अंशांत एकाचे सोळा टक्के गेले, दुसऱ्याचे चौदा. सूर्य जितका जोरात, पॅनेल तितकं घामाघूम. बरं झालं, कॅरियरवर बांधल्यामुळे खालून वारा तरी होता. पत्र्याला चिकटवायचं पातळ, वाकणारं पॅनेल घेतलं असतं तर आणखी भाजलं असतं.

हायवे ओलांडून पंपिंग स्टेशनच्या बाजूला आलो. एका हाताला मिठागरं, पुढे खाडी, वर काहीच नाही. थंडीत इथे फ्लेमिंगो बघायला कॅमेरेवाले येतात. त्या दुपारी प्रेक्षणीय असे आम्हीच होतो.

"दोन वॉटांसाठी हजार रुपये?" भाऊजींचा आवाज बसला होता. "पाच टक्के जास्त, ते गेले कुठे?"

मी टेप काढली. निळं पावणेसात चौरस फूट, काळं पाच. शंभर वॉट म्हणजे शंभर वॉट. कार्यक्षमता जास्त असली की ते कमी जागेत मावतात, एवढंच. हजार रुपये विजेचे नव्हतेच. ते दीड-पावणेदोन फूट जागेचे होते.

भाऊजींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. भांडुपच्या माणसाला वॉटचा भाव समजावून सांगावा लागतो, फुटाचा नाही. "म्हणजे फूट सव्वासहाशेला पडला?" त्यांनी खात्री करून घेतली. ज्या गावात घराच्या फुटाचा भाव पाच आकडी आहे, तिथे सहाशेला जागा! त्यांनी काळ्या पॅनेलवर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला, पण निर्णय झाला होता. माझ्या मते घराच्या मोठ्या गच्चीवर निळं स्वस्त पॅनेल घेणारा शहाणा, आणि इकोच्या छपरावर काळं. छप्पर वाढत नाही.

हिशोबही बसला. फ्रिजला दिवसाला पाचशे वॉट-तास, पंखा, दिवे, मोबाईल मिळून दोनशे. दोन काळी पॅनेल, पाच तास कडक ऊन, उष्णता नि तारांतली गळती वजा: साडेसातशे. मे महिना सुटला.

"माका सांग," ताई आतून म्हणाली, "ह्याच्यार मिक्सर चलतलो काय?"

मिक्सरला पाच मिनिटांत साठेक वॉट-तास लागतात, ते किरकोळ. पण सुरू होताना तो एकदम जोर मागतो, त्याला दांडगा इन्व्हर्टर हवा, पॅनेल कितीही चांगलं असो. हे ऐकून ताईने पाट्याचा विषय काढला. पुढे तिने विचारलं, गणपतीला जाताना ढग असतात, तेव्हा काय? तेव्हा पॅनेल नावालाच. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १५ मे आणि २७ जुलैच्या सुमारास, आणि दुसऱ्या वेळी तो आला हे फक्त पंचांगवाल्यांना कळतं.

"आणि गाडी कोकणात जाईपर्यंत दहा तास इंजिन चालूच ना? त्यावर भरत नाही बॅटरी?"

भरते. इंजिनच्या अल्टरनेटरवरून वीस अँपिअरचा चार्जर जोडला तर तासाला अडीचशे वॉट-तासांच्या घरात मिळतात. पनवेल ते महाड एवढ्यातच दिवसभराचा फ्रिज वसूल, खड्डे मोफत. भाऊजींनी हे ऐकलं नसल्यासारखं दाखवलं आणि छपरावर चढून पुन्हा मोजमाप घेऊ लागले. दोन पॅनेलांत मिळून सव्वातीन फूट वाचत होते.

"ते फूट माझे," ताई म्हणाली. "येताना फणस घालतलंय."

भाऊजींनी वरूनच समजावलं. पॅनेलच्या पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात. फणसाची सावली थोड्या भागावर पडली तरी भलीमोठी वीज बुडते. वाचलेली जागा रिकामी ठेवावी लागेल.

ताईने वर बघितलं. "मगे आडवो ठेव."