आमचे कुरकुरेसाहेब

कुरकुरेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते अस्सल इंग्रज. रेडिंगजवळच्या एका खेड्यात राहतात आणि आमच्या ऑफिसात हिशेबखात्यात बसतात. हे नाव आमच्या घरात पडलं. संध्याकाळी बायको विचारते, "आज कुरकुऱ्यांचं काय बिनसलं?" आणि जेवायला बसेपर्यंत विषयाची चिंता मिटते. पण त्यांना एकटं समजू नका. लीड्सला जा, ब्रिस्टलला जा, दर ऑफिसात, दर बसथांब्यावर आणि दर पबच्या कोपऱ्यात एक कुरकुरेसाहेब असतातच. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात बाराही महिने पावसाळी कोट, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर 'मी म्हणालोच होतो' असा भाव.

साहेबांचा दिवस फलाटावर सुरू होतो. गाडी वेळेवर आली तर ते जरा हिरमुसतात. उशिराची घोषणा झाली की त्यांची कळी खुलते. पानगळीच्या दिवसांत रुळांवर पानं पडतात, चाकांखाली चिरडून त्यांचा गुळगुळीत थर बसतो आणि चाकं घसरू नयेत म्हणून गाड्या सावकाश हाकाव्या लागतात. यामागचं शास्त्र साहेबांना नीट माहीत आहे. तरीही "झाडांना पानं असतात हे रेल्वेला दर ऑक्टोबरात नव्यानं कळतं," हे त्यांचं वाक्य ठरलेलं. त्यावर आजूबाजूचे चार अनोळखी लोक माना डोलावतात, आणि एरवी एकमेकांच्या नजरेला नजर न देणाऱ्या त्या फलाटावर एकदम घरगुती वातावरण तयार होतं. साहेब रंगात असले तर गोष्ट १९९१ च्या फेब्रुवारीपर्यंत मागे जाते. तेव्हा भुसभुशीत कोरड्या बर्फानं गाड्या बंद पडल्या. रेल्वेच्या अधिकाऱ्यानं मुलाखतीत दोष त्या बर्फाच्या जातीला दिला, आणि 'चुकीच्या प्रकारचा बर्फ' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी कायमचा करून टाकला. इतकी वर्षं झाली, पण साहेब तो प्रसंग काल घडल्यासारखा सांगतात.

१९९१ या सालाशी साहेबांचं जुनं वैर आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, इंग्लंडमध्ये आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरते. घर गेल्या वर्षी बांधलेलं असलं तरी 'हे घर त्या दिवशी असतं तर केवढ्याला गेलं असतं' याचा अंदाज बांधतात आणि त्यावरून पट्टी लावतात. "घर जन्मायच्या आधीची त्याची पत्रिका मांडतात," असं मी एकदा म्हणालो. साहेबांना ते इतकं आवडलं की आठवडाभर ते सगळ्या मजल्यावर सांगत फिरले, अर्थातच स्वतःचं म्हणून.

महागाई मोजायला सरकारकडे मोठमोठे निर्देशांक आहेत. साहेबांचा भरवसा फ्रेडोवर. फ्रेडो म्हणजे बेडकाच्या आकाराचं छोटं चॉकलेट. शतक पालटलं तेव्हा ते १० पेन्सला मिळायचं, आता तिप्पट पैशांतही भागत नाही. दुसरं माप टपालाच्या तिकिटाचं. पहिल्या वर्गाचं तिकीट २०२१ मध्ये ८५ पेन्सला होतं, ते २०२५ च्या एप्रिलमध्ये १ पौंड ७० पेन्स झालं. बरोब्बर दुप्पट. साहेब वर्षभरात नाताळची कार्डं सोडून एकही पत्र टाकत नाहीत, पण दुःख दररोजचं. त्यांचा खरा राग मात्र करमुक्त उत्पन्नाच्या मर्यादेवर आहे. २०२१ पासून ती १२,५७० पौंडांवर गोठलेली. पगार चार पैशांनी वाढला की त्यातला वाटा आपसूक सरकारकडे जातो, आणि कराचा दर तर कुणी वाढवलेला नसतो. "खिसा कापला गेला, पण कात्री दिसली नाही," असं साहेब म्हणतात. हिशेबखात्यातल्या माणसाला कापणाऱ्याच्या हाताचं कौतुकही वाटत असावं, असा मला संशय आहे.

तंत्रज्ञान हे साहेबांचं सर्वांत सुपीक शेत. किराणा दुकानात स्वतः बिल करायच्या यंत्रासमोर ते उभे राहिले की यंत्र हमखास ओरडतं, पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे. "अनपेक्षित कशी? मी कांदे घ्यायलाच आलोय," साहेब यंत्राला समजावतात. पण पाहण्यासारखे साहेब पार्किंगमध्ये. एकदा मी त्यांच्या गाडीत होतो. नाणी घेणारं यंत्र काढून टाकलेलं, खांबावर फक्त ॲप डाउनलोड करण्याची पाटी. साहेबांच्या फोनवर पार्किंगची चार ॲप होती, इथे पाचवं लागत होतं. बारीक पाऊस चालू. चष्म्यावर थेंब, फोनच्या काचेवर थेंब, ओलं बोट ओल्या काचेवर उमटेना. कोटाच्या आतल्या बाजूनं काच पुसून त्यांनी गाडीचा नंबर घातला. नंबरात शून्य की इंग्रजी ओ, यावर ॲपचं आणि त्यांचं एकमत होईना. मग ॲपनं पासवर्ड मागितला. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं. मग ईमेलवर सहा आकडी कोड पाठवला, आणि तो पाहायला ईमेल उघडेपर्यंत त्याची मुदत संपली. एवढं होईस्तोवर आम्हाला ज्या दुकानात जायचं होतं ते बंद झालं. साहेबांनी फोन खिशात घातला आणि समाधानानं म्हणाले, "बघितलंस?" मी इतका आनंदी चेहरा त्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिलेला नाही.

हवेबद्दल निराळं सांगायला नको. पण १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदवलं गेलं, देशातला आजवरचा उच्चांक, तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी आले. "तू नागपूरचा ना? तुला काय वाटणार!" मी म्हणालो, "साहेब, नागपूरला घराघरात कूलर असतो. तुमची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली आहेत, पंखासुद्धा नाही." साहेबांनी हे उत्तर मनापासून स्वीकारलं. परदेशी माणसाकडून घरांबद्दल नवी तक्रार मिळाली होती.

आता या सगळ्याचं मर्म. साहेब तक्रार सगळ्यांकडे करतात, फक्त ती ज्यानं निवारायची त्याच्याकडे करत नाहीत. शुक्रवारी दुपारी आम्ही पबमध्ये जेवायला जातो. मासा गार, बटाटे मऊ पडलेले, वाटाणे कडक. साहेब दहा मिनिटं त्या माशावर बोलतात. त्याची जात, त्याचं वय, त्याचा शेवटचा प्रवास. एवढ्यात पोरगी येऊन विचारते, "सगळं ठीक आहे ना?" साहेब हसून म्हणतात, "उत्तम! थँक यू!" ती वळली की तोच मासा पुढे चालू. आपल्याकडे मिसळीच्या रश्शाला चव नसली तर गल्ल्यावरचा मालक उठून टेबलापर्यंत येतो, नाही आला तर आणवला जातो. इथे तसं केलं तर पबमधली माणसं माशाकडे नाही, आपल्याकडे बघतील.

हे न कळल्यामुळे आमच्याकडे नव्यानं आलेल्या सदाशिव पेठेतल्या पोराची चांगलीच पंचाईत झाली. साहेबांची गाडी पस्तीस मिनिटं उशिरा आली होती, आणि ते चहाच्या किटलीशेजारी उभे राहून कहाणी सांगत होते. कहाणी नुकतीच दुसऱ्या स्टेशनापर्यंत पोचली होती. पोरगा म्हणाला, "सर, बऱ्याच कंपन्यांत पंधरा मिनिटं उशीर झाला तरी भाड्यातले काही पैसे परत मिळतात. तिकीट दाखवा." आणि खरोखर दोन मिनिटांत त्यानं फोनवर अर्ज भरून टाकला. खोलीत सन्नाटा पसरला. "अरे वा," साहेब म्हणाले, "फारच कामाचं आहे." मग कप घेऊन ते आपल्या जागेवर गेले. ती कहाणी जेवणाच्या सुट्टीपर्यंत, कदाचित सोमवारपर्यंत पुरली असती. पोरानं चार पौंड मिळवून देऊन तिचा जीवच घेतला. वर त्यांना 'सर' म्हटलं, ही नवीन कुरकूर साहेबांनी दुपारी माझ्याजवळ केली.

खऱ्या दुखण्याची मात्र साहेब कुरकूर करत नाहीत. मध्यंतरी त्यांची बायपास झाली. परत आल्यावर मी विचारलं, कसं काय? "तक्रारीसारखं काही नाही," ते म्हणाले, आणि पुढची वीस मिनिटं हॉस्पिटलच्या पार्किंगच्या दरांवर बोलले. वेल्समध्ये हॉस्पिटलचं पार्किंग फुकट असतं, हा त्यांच्या मनाला लागलेला घाव. ऑपरेशनचं बिल एका पैशाचंही आलं नाही, हे सांगायचं राहून गेलं.

आणि एकदाच मी त्यांना खरोखर संतापलेलं पाहिलं. २०२४ च्या जानेवारीत पोस्ट ऑफिसच्या प्रकरणावरची मालिका टीव्हीवर लागली. १९९९ पासून पुढची सोळा वर्षं, होरायझन नावाच्या सदोष संगणकप्रणालीनं तूट दाखवली म्हणून पोस्टाची छोटी दुकानं चालवणाऱ्या नऊशेहून अधिक माणसांना चोर, लबाड ठरवून दोषी केलं गेलं. काही तुरुंगात गेली. हेल्पलाइनला फोन केला की सांगत, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहाला कुणाशीही विनोद केला नाही. "हिशेब जुळत नाही म्हणून माणूस खोटा?" एवढंच म्हणाले. मग पोस्टाच्या माजी मुख्याधिकारी बाईंचा किताब काढून घ्यावा म्हणून निघालेल्या अर्जावर त्यांनी तिथल्या तिथे फोनवरून सही केली. दहा लाखांहून जास्त लोकांनी केली. तो अर्ज भरताना साहेबांनी फोनबद्दल, पासवर्डबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ज्या गोष्टीचं काही करायचं असतं, तिची साहेब कुरकूर करत नाहीत. कुरकूर असते ती शेजारच्याला जवळ बसवून घ्यायला.

पुणेकर पोरगा आता इथे मुरला. मागच्या महिन्यात त्यानं इथं कायम राहण्यासाठी लागणारी 'लाइफ इन द यूके' परीक्षा दिली. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. तो पास होऊन ऑफिसात आला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "कशी होती?"

"परीक्षा ठीक," पोरगा म्हणाला, "पण पन्नास पौंड फी, गाडी चाळीस मिनिटं लेट, खिडकीतून वारा थेट मानेवर, आणि केंद्रात पाण्याचं यंत्र बंद. कागद चिकटवलेला, 'लवकरच दुरुस्त होईल.' कागद पिवळा पडलेला."

साहेब भारावून ऐकत होते. "पिवळा?" त्यांनी खात्री करून घेतली. मग उठून त्यांनी स्वतःच्या हातानं पोरासाठी चहा केला. आमच्या ऑफिसात असा मान हिशेबखात्याच्या प्रमुखालाही मिळालेला नाही. चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवून लगेच काढलेली पिशवी आणि वर भसाभसा ओतलेलं दूध.

"कसा झालाय?" साहेबांनी विचारलं.

"उत्तम! थँक यू!" पोरगा म्हणाला. साहेब खूश होऊन जागेवर गेले, आणि पोरगा कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्या चहाबद्दल तो चांगली दहा मिनिटं बोलत होता.