टपावरची सटवी

बाळ पाच-सहा दिवसांचं झालं की रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळावर काहीतरी लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं आणि गुपचूप झोपायचं. लिहिलेलं आईला दिसत नाही, बापाला दिसत नाही. पण वर कुणीतरी बसलाय आणि तो ते बरोबर वाचतो, यावर सगळ्या घराचा विश्वास.

लष्करवाल्यांनी ही सटवी गाड्यांवर बसवली आहे. साध्या डोळ्यांना रंगवलेली एक मुकी फळी दिसते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलं की तापलेल्या गाडीच्या अंगावर तीच फळी थंडगार काळा चौकोन होऊन उमटते. रात्रीसाठी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लुकलुकणारा चिमुकला दिवा असतो. तोही फक्त रात्रीच्या दुर्बिणीतून दिसतो. आकाशातल्याने खूण वाचायची, ‘आपलाच दिसतोय’ म्हणायचं आणि पुढे निघून जायचं, अशी योजना.

योजनेत वाचणारा वाचेल, हे धरलेलं होतं.

१९९१च्या आखाती युद्धात लढताना मेलेल्या १४८ अमेरिकन सैनिकांपैकी ३५ जण स्वतःच्याच बाजूच्या माऱ्यात गेले. चौघांतला एक. तेव्हा मित्रसैन्याच्या गाड्यांवर उलटा ‘व्ही’ रंगवलेला होता, टपावर भडक रंगाची कापडं अंथरलेली होती. तरीही २६ फेब्रुवारीला अमेरिकन ए-१० विमानांनी दोन ब्रिटिश चिलखती गाड्या उडवल्या. नऊ पोरं गेली. चौकशा झाल्या, खर्च मंजूर झाला, आणि शहाण्यांनी निदान केलं: खूण कमी पडली. मग आल्या त्या छुप्या फळ्या.

बारा वर्षांनी, २८ मार्च २००३ला, बसऱ्याच्या उत्तरेला पुन्हा तेच. पुन्हा ए-१०, पुन्हा ब्रिटिश गाड्या, टपावर ठळक नारिंगी पट्ट्या. वैमानिकांना त्या दिसल्या की! त्यांनी त्यांच्यावर चर्चासुद्धा केली. या भागात आपलं कुणी नाही, असं त्यांना खालून सांगण्यात आलं होतं. त्यामुळे त्या पट्ट्या नाहीत, नारिंगी रॉकेटं आहेत, असं त्यांनी ठरवलं. आणि गोळ्या झाडल्या. एकदा झाडून वळले, पुन्हा येऊन झाडल्या. एक सैनिक ठार, काही जखमी. विमानातलं चित्रीकरण २००७मध्ये फुटलं, तेव्हा कुठे जगाला हा संवाद ऐकायला मिळाला.

खूण लपलेली नव्हती, मळलेली नव्हती, लहानही नव्हती. तिचा अर्थ वर बसलेल्याने आधीच लावून ठेवला होता.

म्हणून म्हणे आता माणूस काढायचा आणि यंत्राला वाचायला बसवायचं. कल्पना वाईट नाही. मिशिगन विद्यापीठातल्या एडविन ऑल्सन यांनी ‘एप्रिलटॅग’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी काढल्या. दिसायला क्यूआर कोडची गरीब चुलत बहीण. सर्वांत चालणाऱ्या संचात ३६ घरं, आणि कुठल्याही दोन खुणांत किमान ११ घरांचा फरक ठेवलेला. चार-पाच घरं खराब झाली तरी यंत्र एकीला दुसरी समजत नाही. नारिंगी पट्टीला रॉकेट म्हणायची त्याला मुभाच नाही. हीच चौकट फक्त उष्णतेच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या फिल्मची केली की साध्या डोळ्यांपुरती गायब. शंभर मीटरवरच्या ड्रोनला ती आरामात वाचता येते, कारण तिथून जमिनीवरचा एक ठिपका काही सेंटिमीटरांचाच पडतो.

उपग्रहाचं मात्र वेगळं. उपग्रह नंबर प्लेट वाचतो, ही श्रद्धा आपण हिंदी सिनेमाच्या भरवशावर जपून ठेवली आहे. पैसे मोजून बाजारात मिळणाऱ्या उत्तम उपग्रहचित्रात एक ठिपका साधारण ३० सेंटिमीटरचा. म्हणजे तुमची हप्ते फेडून घेतलेली मोटार वरून तेरा बाय सहा ठिपके. नंबर प्लेट तर उभी असते, तिची वरून फक्त पत्र्याची कड दिसणार. टपावर क्यूआर लावू म्हणाल, तर सर्वांत लहान क्यूआरला २१ बाय २१ घरं लागतात. घराला दोन ठिपके धरले तर साडेबारा मीटरचा चौरस झाला. एसटीपेक्षा लांब, आणि रुंदीला अख्खा रस्ता अडवणारा. लग्नाच्या मांडवावर लावता येईल. (क्यूआर जन्मला १९९४ साली जपानमध्ये, गाडीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत आला. टपावर चढायचा तेवढा राहिला.)

आणि चढला तरी आपल्या टपाला तो झेपेल का? वडापच्या टपावर बोचकी, शेळी आणि पावणेरावळे. ट्रकवर ताडपत्री. लग्नाच्या गाडीवर झेंडूच्या माळा. उरलेल्यांवर रस्त्याच्या कामाची धूळ. हे कुचेष्टेने म्हणत नाही, अमेरिकेने याच धुळीपुढे हात टेकले आहेत. तिथल्या रेल्वे कंपन्यांनी १९६७मध्ये प्रत्येक डब्यावर रंगीत पट्ट्यांची यंत्रवाचक पाटी लावायचं ठरवलं. बहुतेक सगळ्या डब्यांना पाट्या लागल्यासुद्धा. मग त्यांच्यावर काजळी बसली, चिखल बसला, आणि पाट्यांची निगा नीट राखली गेली नाही. दहा-एक वर्षांत प्रकरण गुंडाळलं. पाटी लावायला निविदा निघते हो, पुसायला फडकं कोण काढणार?

आपलं खुणांचं सगळं प्रेम बंपरवर. सरकारने एचएसआरपी नावाची कडक सुरक्षेची नंबर प्लेट आणली: क्रोमियमचा होलोग्राम, त्यात अशोकचक्र, लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मुदत होती ३१ मार्च २०२५. ती एप्रिलमध्ये गेली, मग जूनमध्ये, मग ऑगस्टमध्ये, मग नोव्हेंबरमध्ये. ही पाटी खोटी करता येत नाही म्हणतात. मुदत खरी करता येत नाही, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

या पाटीने आकड्यांतून अक्षरं काढायच्या एका अस्सल मराठी विद्येचा बळी घेतला, त्याचं सुतक कुणी पाळलं नाही. ४१४१ म्हणजे दादा. २१४ म्हणजे राम. ४९१२ म्हणजे पवार. एकच ‘चार’ इथे द, तिथे म, पलीकडे प. जगातल्या कुठल्याही यंत्राला ४१४१ हा आकडाच दिसला असता. नाक्यावरच्या हवालदाराला मात्र ‘दादा’ दिसायचं, आणि शिट्टी तोंडातून खाली यायची. आपला कोण आणि परका कोण, ही ओळख बसऱ्यात ज्यांना जमली नाही, ती आमच्या नाक्यावर चार आकड्यांत व्हायची. तीही बिनबॅटरीची.

खूण एकदा लोकांच्या हाती लागली की ती यंत्राची राहत नाही, हे रशियानेही दाखवून दिलं. युक्रेनमध्ये दोन्हीकडचे रणगाडे मूळ सोविएत बनावटीचे, वरून सारखेच. म्हणून २०२२मध्ये रशियनांनी आपल्या गाड्यांवर पांढऱ्या रंगाने ‘झेड’ काढला. रंगाचा डबा आणि कुंचला, एवढाच खर्च. महिनाभरात तो झेड मॉस्कोत टी-शर्टांवर आणि मोटारींच्या काचांवर. एका रशियन जिम्नॅस्टने दोह्यात पदक घेताना तो छातीवर लावला आणि वर्षभराची बंदी ओढवून घेतली. युक्रेनच्या ड्रोनवाल्यांना मात्र झेडची कसलीच अडचण नव्हती. ओळख पटवायची त्यांची मेहनत शत्रूने स्वतःच्या खर्चाने करून ठेवली होती.

परवा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मोबाइलवर फोन केला. तो सहाव्या मजल्याच्या गच्चीवर टाकी बघायला गेला होता. “साहेब, तुमच्या गाडीचा दिवा चालू राहिलाय.” खाली पांढऱ्या हॅचबॅक गाड्या नऊ. वरून सगळ्या एकसारख्या, तेरा बाय सहा. मी विचारलं, माझीच कशावरून?

“जिच्या टपावर कुरडया वाळत घातल्यात, ती तुमचीच ना?”

दिवा बंद करून आलो. हिला अजून काही सांगितलेलं नाही. मे महिना संपेपर्यंत तरी माझी गाडी ओळखू येईल.