लगडी मोजून, माणसं अंदाजे

दर १४ एप्रिलला भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातल्या स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. सलामी होते, फोटो निघतो. मग आठवडाभर अग्निशमन सप्ताह. आमच्या जिन्यातलं लाल नळकांडं त्या आठवड्यात न चुकता पुसलं जातं.

भरलं जात नाही.

असो. तारीख तीच, साल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागलेलं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि शेजारला कापसाच्या गाठी. रॉकेलचा डबा चुलीजवळ ठेवू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण युद्ध चालू होतं ना! अक्कल आघाडीवर गेली होती.

दारूगोळ्याच्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो. लावला नव्हता. आजूबाजूची जहाजं निवांत.

दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले धावले. नऊशे टन पाणी आत ओतलं, तरी आग नेमकी कुठे ते सापडेना. जहाजाला लागून असलेलं पाणी उकळायला लागलं. तीन पन्नासला जहाज सोडायचा हुकूम निघाला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासात दुसरा. ६६ बंबवाले गेले. पार सिमल्याच्या भूकंपमापकाची सुई हलली.

आपल्या वर्तमानपत्रांची लेखणी हलली नाही. सेन्सॉर! मुंबई जळल्याची बातमी जगाला दिली सायगॉनच्या रेडिओने.

आता हिशेब बघा. जहाजावर सोन्याच्या लगडी किती? १२४. सव्वाशे नव्हे, १२४. एकेक साडेबारा किलोंच्या वर. त्यातली एक उडून मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली. भल्या माणसाने परत केली. बाकीच्या कित्येक वर्षं गोदीच्या गाळातून निघत राहिल्या आणि वहीत चढत राहिल्या.

आणि मेले किती?

आठशे. किंवा तेराशे. तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे. बंबवाल्यांचा आकडा आहे, कारण त्यांचा हजेरीपट होता. रोजंदारीवरच्या हमालाला कोण वहीत घेतो? बरं, तो काही गाळ उपसताना चमकतही नाही.

ती व्हिक्टोरिया गोदी आता बुजवलीय. कंटेनर ठेवायला जागा हवी होती.

प्रत्येक कंटेनरवर नंबर असतो.