कमी वाजव

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारा माणूस स्टेजवर तीन तास तोंड उघडत नाही. निवेदक त्याचं नाव सगळ्यांत शेवटी घेतो, तेही बहुधा चुकीचं, आणि तोवर टाळ्या ढोलकीवाल्यासाठी सुरू झालेल्या असतात. हाच माणूस कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या बेसवाल्याला भेटला की मात्र असा काही बोलायला लागतो की टपरीवाल्याला स्टोव्ह विझवून ‘साहेब, आता निघा’ म्हणावं लागतं. चार तारांवर कमीत कमी सूर वाजवणारी ही जमात बोलताना कुठेही काटकसर करत नाही.

त्याला कारण आहे. बँडमध्ये बेसवाल्याचं स्थान म्हणजे लग्नात अंतरपाट धरणाऱ्याचं. त्याच्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नाहीत आणि अल्बममध्ये त्याची फक्त बोटं येतात. माझ्या आत्याला अजून वाटतं की मी पैसे वाचवायला कमी तारांची गिटार घेतली. दर दिवाळीला ती आपुलकीने विचारते, ‘उरलेल्या दोन कधी बसवणार?’ कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवावा, तर बेसच्या सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला ४१, आणि मोबाइलचा एवढासा स्पीकर इतका खालचा सूर काढूच शकत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की सगळे वाजवताहेत आणि मागे एक गृहस्थ उगाच बोटं हलवतोय. अशा माणसाची चौकशी करणार कोण? दुसरा तसलाच माणूस.

आमचा असा एक कट्टा आहे. पुण्यात, तालमीच्या हॉलमागच्या टपरीवर, गणपती-नवरात्राचा सीझन सोडून बाकी रविवारी सकाळी. बँकेतला एक कॅशियर, एक दाताचे डॉक्टर, इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी (ही आम्हा सगळ्यांपेक्षा बरं वाजवते आणि आम्ही ते मोठ्या मनाने तिला सांगत नाही), उभा जन्म ऑर्केस्ट्रात काढलेले काका आणि न्यू जर्सीला गेलेला एक मित्र, जो तिकडच्या शनिवारी रात्री फोन लावून आमच्या चहाचे घोट ऐकत बसतो.

इथे काहीही विचारा, उत्तर मिळतं. गिटारवाल्यांचं तसं नाही. आवाज बदलणाऱ्या पेडलचा फोटो काढायला गेलात तर गिटारवाला आधी सगळी बटणं फिरवून ठेवतो आणि मग म्हणतो, ‘काढ.’ बेसवाला स्वतःची सेटिंग कागदावर लिहून देतो, ती समजावून सांगतो आणि घरी पोचल्यावर ‘लावून बघितलीस का?’ असा फोनही करतो. हा काही संतपणा नव्हे. शहरात गिटारवाले शंभर आणि बेसवाला एक असतो, पोटावर पाय येण्याची भीती नाही, म्हणून स्वभाव चांगला राहिला आहे. बहुतेक बेसवाले मुळात गिटारवालेच असतात म्हणा. बीटल्सचा स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ साली बँड सोडून गेला तेव्हा बेस घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. आमच्या कॅशियरचीही हीच कथा आहे. पुढे काय झालं तेवढा भाग वेगळा.

कट्ट्यावरचा सनातन प्रश्न म्हणजे, ‘तारा मेल्यात, काय करू?’ नवी तार खणखणीत वाजते. मग बोटांचा घाम, तेल आणि मळ तिच्या बारीक वेटोळ्यांच्या फटींत बसतो आणि आवाज बसलेल्या घशातून आल्यागत येऊ लागतो. गिटारच्या तारा काही शे रुपयांत येतात. बेसच्या बऱ्या संचाला दीड-दोन हजार मोजावे लागतात आणि त्यापुढे तर मर्यादाच नाही. म्हणून जगभरचे बेसवाले जुन्या तारा पाण्यात उकळतात. ही थाप नाही. कॅशियरची बायको माहेरी गेलेली होती, त्या मुहूर्तावर त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही हा विधी केला.

तारा उतरवून त्यांची भेंडोळी केली. सापडलेल्या पहिल्या मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं, तशी त्यात एकेक सोडली. जाड तार पातेल्यात मावायला तयार नव्हती. एक टोक सारखं वर येऊन डोकवायचं, ते डॉक्टर चिमट्याने धरून परत बुडवायचे आणि सवयीने ‘आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ’ म्हणायचे. तारांच्या टोकांचे पितळी मणी तळाशी टिणटिणत होते. जरा वेळात पाण्याचा रंग टपरीच्या चहाचा झाला आणि वर तेलाचा पातळ तवंग आला. ‘हे सगळं तुझ्या बोटांतलं?’ मुलीने विचारलं. कॅशियर गप्प. काका पातेल्यात वाकून म्हणाले, ‘कट छान आलाय. कोथिंबीर आहे का घरात?’

तारा पुसून, हेअर ड्रायरने वाळवून परत चढवल्या आणि खरोखर आवाज उघडला. आम्ही अर्धा तास एकच सूर वाजवून एकमेकांकडे कौतुकाने बघत होतो. पण हे तारुण्य दोन-तीन आठवड्यांचं असतं, आणि दर उकळीला त्याची मुदत घटते. पातेलं दुधाचं होतं हे नंतर कळलं. वहिनींना ते कसं समजलं याबद्दल कॅशियर अजून काही बोलायला तयार नाही.

या उकळपंथाला काकांचा सैद्धांतिक विरोध आहे. ते जेम्स जेमर्सनचे भक्त. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत या माणसाचा बेस आहे. तो तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने सगळं वाजवायचा. रेकॉर्डच्या वेष्टणांवर वर्षानुवर्षं त्याचं नाव छापलं गेलं नाही. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने सर्वश्रेष्ठ बेसवादकांची यादी केली तेव्हा त्याला पहिला नंबर दिला. त्याला जाऊन तेव्हा ३७ वर्षं होत आली होती. आमच्या व्यवसायात दाद पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. काकांच्या स्वतःच्या तारा राजीव गांधी पंतप्रधान असतानाच्या आहेत. कोणी नवखा मुलगा ‘तीन बोटांनी कसं वाजवायचं?’ असं विचारत आला की काका आपली तर्जनी त्याच्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, ‘आधी हिचं काम संपव.’

दुसरा न मिटणारा वाद चार तारा की पाच. पाच तारांवाला कळवळून सांगतो की, ‘काका, गायकाची पट्टी काळी एक. चार तारांवर खालचा षड्ज येतच नाही, पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मिळतो.’ मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. काका शांतपणे विचारतात, ‘मिळतो. पण ज्या स्पीकरवर आपण वाजवतो, त्याला कळवलंयस का तू हे?’ मंगल कार्यालयाच्या स्पीकरमधून सेकंदाला ३५ कंपनांचा सूर म्हणून जे बाहेर येतं, त्याला फार तर धक्का म्हणता येईल. यावर पाच तारांवाला स्पीकर बदलायचा सल्ला देतो, डॉक्टर त्याचं बजेट काढतात, आणि प्रश्न विचारणारा दोन चहा पिऊन चार तारांसह घरी जातो.

गुणगुणीचा विषय मात्र सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. मांडवात अँप लावला की कोणी काही वाजवायच्या आधीच तो ‘ऊंऽऽ’ करत सुरात बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ४९ चा. म्हणजे आपली वीज पांढरी पाचमध्ये गाते, किंचित चढी. पांढरी पाचचं गाणं असलं तर बेसवाल्याला स्वतःच्या पैशाने न आणलेला तानपुरा मिळतो. न्यू जर्सीवाल्याला हे सुख नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. कुठल्याच पट्टीत न बसणारी. ‘देश सोडताना एवढा तरी विचार करायचा होतास,’ असं काका त्याला फोनवर सुनावतात. तारांवर तळहात ठेवला की ही गुणगुण बसते आणि उचलला की पुन्हा उठते, असं होत असेल तर आधी मांडवाचं अर्थिंग तपासायचं. ते धड नसलं तर एका हाताने तारा धरून माइकपाशी कोरस द्यायला गेलेल्याच्या ओठांना असा झटका बसतो की कोरसमध्ये नसलेली तान निघते. म्हणून काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, टेस्टर असतो. आमच्या कट्ट्यावरच्या सगळ्या सल्ल्यांत जीव वाचवणारा असा हा एकच.

घरी सराव कसा करायचा, हाही छळणारा प्रश्न. खालच्या सुरांची एकेक लाट आठ मीटरहून लांब असते. टू-बीएचकेच्या कुठल्याही खोलीत ती मावत नाही, ती शेजाऱ्यांकडे जातेच. डॉक्टरांना कोणीतरी सांगितलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज अडतो. डॉक्टरांचं घर असं की जिथे कांद्यालासुद्धा चातुर्मासात प्रवेश नाही. त्यांनी अंधार पडल्यावर भुर्जीच्या गाड्यांवरून ट्रे गोळा केले आणि एक खोली आतून मढवली. आईंनी त्या खोलीत जाणं सोडलं. बेस त्या ट्रेंमधून निवांत पार गेला, कारण पुठ्ठ्याने खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा थोडा कमी होतो, खालचे सूर भिंतीसकट हलवून पुढे जातात. त्यांना अडवायला जाडजूड, जड बांधकामच लागतं. डॉक्टरांच्या चौथ्या मजल्यावरचं गाणं, गायक, सिंथेसायझर, काहीही तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही. पोचतो तो फक्त बेस. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा एकदा जिन्यात डॉक्टरांना थांबवून म्हणाले, ‘डॉक्टर, तक्रार नाही. पण ते दुसरं गाणं असतं ना तुमचं, त्यात अंतऱ्याला तुम्ही पळता.’ डॉक्टरांनी रात्री मेट्रोनोम लावून पाहिलं. पळत होते. आजोबांना आता कट्ट्यावर आणायचं चाललं आहे. असा एकाग्र श्रोता दुसऱ्या कोणत्याही वाद्याला मिळालेला नाही.

आणि गाडीत बेस ठेवून जेवायला जायचं नाही. हा सल्ला विचारावा लागत नाही, तो भेटीबरोबरच मिळतो. मॅकार्टनीचा हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेला, तो परत मिळाल्याची बातमी आली २०२४ मध्ये. जाको पास्टोरियस, ज्याने फ्रेट काढलेल्या बेसमधून जगाला नवा आवाज दिला, त्याचा तो बेस १९८६ मध्ये गेला आणि वीस वर्षांनी, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी काळाने, उगवला. जेमर्सनचा गेला तो गेलाच. हे सगळं पाहता बेसची खरी किंमत कोणाला कळते, तर चोरांना, असं म्हणावं लागतं. रसिकांनी त्यांचा आदर्श ठेवायला हरकत नाही, अर्थात परवानगीने.

इतकं सगळं बोलून झालं, भजी संपली, की काका उठता उठता एक शेवटचा सल्ला देतात, आणि प्रश्न काहीही असो तो एकच असतो: ‘कमी वाजव.’ तारा जुन्या झाल्या? कमी वाजव. बोटं दुखतात? कमी वाजव. तबल्याच्या साथीला भावगीत आहे? डग्ग्याची घूम आणि बेस एकाच गल्लीत राहतात. तो बोलत असताना तू गप्प बस, म्हणजे कमी वाजव. मला पूर्वी वाटायचं की हा म्हातारपणाचा आळस आहे. पण परवा तालमीत कॅशियर गाणं चालू असतानाच बँकेचा फोन घ्यायला बाहेर गेला. ढोलकी चालू, कीबोर्ड चालू, गायिका सुरात, आणि सगळे एकदम वर पंख्याकडे बघायला लागले. गायिकेने थांबून विचारलं, ‘लाइट गेली का हो?’

आता ही गोष्ट आयोजकांना कोण सांगणार? त्यांनी शोध लावला आहे की कीबोर्डवाल्याला डावा हात असतोच, त्याने बेस वाजवला की एक मानधन वाचतं. काही जण तर सरळ तयार ट्रॅक लावतात. कीबोर्डवाल्याचा डावा हात बिचारा आधीच कॉर्ड धरतो, पानं उलटतो आणि घसरणारा चष्मा सावरतो. त्याच्यावर आणखी भार टाकण्यात अर्थ नाही.

गणपती जवळ आलेत. तुमच्या सोसायटीच्या ऑर्केस्ट्राच्या खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर कृपा करून ती धुराच्या मशीनला लावा. बेसवाल्यामुळे आजवर कुठल्याही गायकाला ठसका लागलेला नाही.