दोन पेरं आत

असा एक माणूस तुमच्याही कॉलनीत असणारच. आमच्या नागपुरात तर एप्रिल लागला की गल्लीगल्लीत एक उगवतो. पारा ४५च्या घरात, कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसलेली, आणि हे काका डोक्याला दुपट्टा गुंडाळून तुमच्या फाटकात हजर. ‘या’ म्हणायच्या आत त्यांचं बोट तुमच्या कुंडीत गेलेलं असतं. दोन पेरं आत. मग नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटतात आणि निदान येतं, “वहिनी, आत ओल आहे ना जी! कावून बुडवून राहिल्या याले?”

वहिनी म्हणतात, जास्वंदीनं मान टाकलीय. “भर दुपारी तुमची तरी ताठ राहते का? संध्याकाळी पाहा.” आणि संध्याकाळी जास्वंद खरोखरच ताठ उभी असते. राग येतो तो याचाच.

बोटाला कुंडीचं बंधन आहे असंही नाही. एका रिसेप्शनला स्टेजवरच्या भाड्याच्या पाममध्ये बोट घालून त्यांनी नवरदेवाला आशीर्वादाऐवजी ‘वाळलं आहे’ एवढंच सांगितलं. बँकेत मॅनेजर एफडीचा व्याजदर समजावत असताना टेबलावरच्या रोपात बोट घातलं, तर आत थर्माकोल. काकांनी बँक बदलली.

३० मे २०२४ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बोंब झाली. पुढे हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. काकांना नवल नव्हतं. “मशीनचं काय घेऊन बसले? बोट घालून पाहाचं होतं!”

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतणारा तर त्यांच्या लेखी गुन्हेगार. पाणी उडून जातं, क्षार तेवढे टाकीत साचतात, आणि ते तुम्ही मोगऱ्याला पाजता! पुरावा म्हणून कुंडीच्या काठावरची पांढरी खपली नखानं खरवडून तुमच्या तळहातावर ठेवतात. हिरव्या नेटवर आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनावरही त्यांची व्याख्यानं आहेत. ती तुम्हाला माफ.

काकांची नोकरी अशा खात्यात गेली, जिथं पाणी बहुतेक कागदावरच शेतात पोचायचं. त्या आकड्यांखाली सही यांची. आता बोट घालून खात्री केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, त्याचं मूळ तिथं असावं असा माझा संशय आहे. विचारलं की ते निंबोळी पेंडीचा भाव सांगू लागतात.

नवतपा लागतो तेव्हा निम्मी कॉलनी गावाला गेलेली असते आणि निम्म्या कॉलनीच्या किल्ल्या काकांच्या करगोट्याला. उन्हं वर यायच्या आत, बादली आणि मग घेऊन, या जिन्यावरून त्या जिन्यावर. गुडघे दुखतात, ते मात्र कोणाला सांगत नाहीत. यंदा कॉलनीनं उरलंसुरलं अंगणही गट्टू बसवून बुजवलं. नारळ फोडायला काकांना बोलावलं होतं. त्यांनी वाकून दोन गट्टूंच्या फटीत बोट घालून पाहिलं. जाईना. पेढा न घेताच घरी गेले.

तेव्हा मे महिन्यात गावाला निघालात, तर किल्ली खुशाल त्यांच्याकडे द्या. मोगरा जगेल. फक्त फ्रिजमधल्या दह्यावर झाकण ठेवून जा.