आधी झरोका, मग गिझर

गॅस गिझर घेताना माणूस सगळं विचारतो. किती लिटरचा, सेल किती दिवस जातात, वॉरंटी किती वर्षांची. दुकानदारही न कंटाळता सगळं सांगतो. ज्योतीला हवा कुठून मिळणार आणि जळालेला वायू कुठून बाहेर जाणार, हे मात्र गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार तो विषय काढत नाही. पुण्याच्या कसबा पेठेत राहून मला याचा फार त्रास होतो, कारण हा प्रश्न याच पेठेत कधीचा सुटलेला होता.

इथल्या तांबट आळीत घडलेला पाणी तापवायचा बंब बघा. त्याच्या पोटातून उभी नळी जाते. खाली जाळीवर कोळसे, भोवती पाणी, वर धुराचं तोंड. हवा खालून शिरते, तापून वर चढते आणि जाता जाता पाणी तापवते. वाटच नसेल तर बंब पेटतच नाही, धूर डोळ्यांत जातो आणि घरभर कळतं. शिवाय तो मांडायचा चौकात नाहीतर मागच्या पडवीत. वाड्यातल्या न्हाणीघराची भिंत आणि कौलं यांच्यामध्ये फट असायचीच.

वाडे गेले, इमारती आल्या. आता चार बाय सहाची बाथरूम, घट्ट बसणारं फायबरचं दार आणि डक्टच्या बाजूला वर एक झरोका. नऊ फूट उंची धरली तर आत 216 घनफूट हवा. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला सव्वाचारशे घनफुटांच्या आसपास हवा लागते. म्हणजे बाहेरून काहीच आलं नाही तर खोलीतली हवा जेमतेम अर्ध्या तासाची. ज्योत त्याच्या कितीतरी आधी बिघडते. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 18-19 वर आला की गॅस अर्धवट जळू लागतो, आणि बंद खोलीत ही वेळ चार-पाच मिनिटांत येऊ शकते. तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, गुडघ्यातलं बळ जातं आणि कडी काढायला हात उठत नाही.

आता झरोका निवडायला बाजारात जा. हार्डवेअरवाला विचारतो, काचेच्या पट्ट्यांचा देऊ की पीव्हीसीची जाळी? भोक किती इंची? आत गॅस जळणार आहे का, हे तो विचारत नाही. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत एक्झॉस्ट फॅनचा भाव सांगतात, सहा इंची आणि आठ इंची. मागे झडप असलेला फॅन चांगला म्हणून पुढे करतात, कारण तो बंद असला की धूळ आणि कबुतरं आत येत नाहीत. हवाही येत नाही, हे सांगायचं राहून जातं. लाइट गेली की तो झरोका म्हणजे नुसती भिंत. आणि फॅन चालू असूनही दाराखाली फट नसेल, तर तो हवा ओढणार कुठून? कधी कधी गिझरचा जळालेला वायूच तो उलटा खोलीत ओढतो.

नीट बघितलं तर दोन वाटा लागतात. एक खाली, दाराच्या तळाशी जाळी. तिथून ताजी हवा येते, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तिथूनच निघतो. दुसरी वर, छताजवळ, कायम उघडी. गरम झालेला वायू आणि वाफ तिथून जाते. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो गळला तर वर साचतो. त्यालाही हीच वरची वाट. सुताराला दाराखाली जाळी बसवायला सांगितलं की तो म्हणतो, दार खराब दिसेल हो साहेब.

सगळ्यात जास्त राग मला डिसेंबरचा येतो. डक्टमध्ये मान वर करून बघा. झरोक्याच्या पट्ट्यांवर बाहेरून कबुतराची पिसं आणि वाळलेली शीट चिकटलेली, आतून थर्माकोल आणि त्यावर तपकिरी चिकटपट्टी. गार वारा लागतो म्हणून. त्याच बाथरूममध्ये गिझर सुरू, दाराला आतून कडी. बाथरूममध्ये गिझरच्या वायूने माणसं गेल्याची बातमी हिवाळ्यात वाचायला मिळते, चारचौघांत हळहळ होते आणि थर्माकोल तिथेच राहतो.

सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर बोलतो, तशी पाच मिनिटं यालाही द्या. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गॅलरीत लावा. जागाच नसेल तर खालची आणि वरची जाळी आधी बसवा, मग गिझर. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला बसा. झरोक्यातला थर्माकोल आजच काढा.